उंचीवर राहणाऱ्यांचा श्वास आपल्यापेक्षा वेगळा चालतो का?

पायवाट (धागाकर्ता)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं लडाखमध्ये त्सो मोरिरीच्या काठी कोरझोक गावात तीन रात्री राहिलो. उंची साधारण ४,५०० मीटर. आधी लेहमध्ये चार दिवस शांतपणे काढले होते, त्यामुळे डोकेदुखी, मळमळ असं काही झालं नाही.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना सगळे आबी-ले म्हणायचे. वय सत्तरीच्या पुढे. पहिल्याच सकाळी त्या दोन्ही हातांत पाण्याचे भरलेले कॅन घेऊन घराबाहेरच्या दगडी पायऱ्या चढताना दिसल्या, आणि चढता चढता काहीतरी गुणगुणत होत्या. मी मोजल्या, अकरा पायऱ्या. त्याच पायऱ्या मी रिकाम्या हाताने चढलो तेव्हा वर पोचल्यावर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. "जुले" (लडाखी नमस्कार) म्हणायलाही श्वास पुरेना.

पण खरा प्रश्न रात्रीचा आहे. दोनच्या सुमारास बायकोने मला गदागदा हलवून उठवलं. "अहो, तुमचा श्वास थांबला होता, मी पंधरापर्यंत आकडे मोजले." तिला धीर दिला, ती झोपली, आणि मग मी जागा राहून तिचा श्वास ऐकत बसलो. तिचंही तेच! आधी हलका श्वास, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा, चार-पाच श्वास भात्यासारखे, पुन्हा ओसरत ओसरत एकदम शांत. काहीच नाही. दहा-बारा सेकंद. त्या शांततेत माझंच काळीज धडधडायचं. मग एक मोठा उसासा, आणि पुन्हा तेच चक्र. मधल्या पातळ भिंतीपलीकडे आबी-ले झोपल्या होत्या. त्यांचा श्वास लाटेसारखा एकसारखा चालला होता, कुठे खंड नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. त्यांची फुप्फुसं मोठी असतात म्हणून असं होतं, की श्वास कधी घ्यायचा हे ठरवणारी यंत्रणाच वेगळी असते? जाणकारांनी कृपया लिहावं.

झुळूक

छान विषय. मी तरी छातीच्या आकाराबद्दलच ऐकलं होतं. पेरू-बोलिव्हियाकडच्या पहाडी लोकांची छाती पिंपासारखी रुंद असते आणि फुप्फुसांची क्षमताही जास्त असते. मग तेच उत्तर नाही का?

टेकडीवाला

सवय, दुसरं काही नाही. लहानपणापासून विरळ हवेत वाढलं की शरीर शिकतं. तुम्हाला तिथे वर्षभर ठेवलं तर तुम्हीही कॅन घेऊन गाणं म्हणत चढाल.

रातराणी

हा धागा वाचताना मी नकळत स्वतःचे श्वास मोजायला लागले आणि आता ते थांबतच नाहीये.

कातळ

@रातराणी +१. आमच्या घरी दोघं मोजतोय.

भूलवाला

@पायवाट, तुम्ही त्या रात्री जे ऐकलंत त्याचं वर्णन इतकं अचूक आहे की विद्यार्थ्यांना वाचून दाखवावं. मी भूलतज्ज्ञ आहे, श्वास चालू ठेवणं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर छातीत कमी आणि मानेत जास्त आहे. गळ्याच्या बाजूला बोट ठेवलं की जिथे नाडी लागते, ती रोहिणी जबड्याखाली दोन फाट्यांत विभागते. त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते, तिला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. एवढ्याशा गाठीला वजनाच्या मानाने प्रचंड रक्त मिळतं, कारण तिचं काम रक्त चाखत राहण्याचं. प्राणवायू कमी झाला की ती मेंदूला टोचते, "श्वास वाढव." मानेतल्या या भागाचा श्वासाशी संबंध उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं.

दुसरा पहारेकरी मेंदूच्या बुंध्याशी बसलेला आहे. त्याला प्राणवायूचं सोयरसुतक नाही. तो पाहतो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे खरं तर त्यामुळे येणारी आम्लता. आपण खाली राहतो तेव्हा श्वासाचा लगाम बहुतांशी याच्याच हातात असतो.

आता ४,५०० मीटरवर काय होतं ते बघा. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही २०.९ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी होतो. मानेतली गाठ टाच मारते, श्वास वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि बुंध्याशी बसलेला दुसरा पहारेकरी लगाम खेचतो. जागेपणी या ओढाताणीतून कसंबसं निभावतं. झोपेत मात्र लगाम जिंकतो, कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीखाली गेला की श्वास चक्क थांबतो. थांबल्यावर प्राणवायू घसरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मग दोघे पहारेकरी एकदम जागे होतात आणि तो मोठा उसासा येतो. तेच तुमचे भात्यासारखे चार-पाच श्वास. त्यात पुन्हा जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, की परत शांतता.

ही गोष्ट जुनी आहे. इटलीच्या अँजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंते रोझावरच्या ४,५५९ मीटर उंचीच्या झोपडीत झोपलेल्या माणसांच्या श्वासांचे असेच आलेख काढले होते.

बाहेरून गेलेल्या माणसाची मूत्रपिंडं काही दिवसांत बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्ताची आम्लता पूर्वपदावर आणू लागतात, लगाम सैल होतो आणि श्वास आणखी वाढतो. 'शरीर रुळलं' म्हणतात त्यातला मोठा भाग हा.

झुळूक

वा! म्हणजे दिवसभर श्वास कमी पडत होता म्हणून नव्हे, तर जास्त घेतला म्हणून रात्री थांबला. हे डोक्यात यायला दोनदा वाचावं लागलं.

सांजवारा

@भूलवाला, दोन शंका. एक, मी बरीच वर्षं प्राणायाम करते. संथ दीर्घ श्वास घेतला तर उंचीवर फायदा होतो का? दोन, समुद्रात श्वास कोंडून खोल बुडी मारणारे लोक आणि हे पहाडी लोक, दोघांचं प्रशिक्षण एकाच दिशेचं म्हणायचं का?

भूलवाला

@सांजवारा, पहिल्याचं उत्तर, हो, त्या त्या वेळेपुरता होतो. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. उथळ आणि भराभर श्वास घेतला तर हा वाया जाणारा वाटा मोठा. संथ आणि खोल घेतला तर तेवढ्याच मेहनतीत जास्त हवा कामाला लागते. पर्यटक बोटाला ऑक्सिमीटर लावून दहा दीर्घ श्वास घेतात आणि आकडा वर चढताना बघतात, तो चढतो हे खरंच आहे. फक्त झोपल्यावर श्वास तुमच्या इच्छेने चालत नाही, पुन्हा त्या दोन पहारेकऱ्यांच्या ताब्यात जातो.

दुसरी शंका फार छान आहे. दिशा जवळजवळ उलटी. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः वाढत्या कार्बन डायऑक्साइडची. बुडी मारणारे ती सहन करायला शिकतात. उंचीवर कार्बन डायऑक्साइड कमी असतो, तिथे निभाव लागतो तो कमी प्राणवायूवर श्वास किती वाढवता येतो यावर. आणि कळकळीने सांगतो, पाण्यात उतरण्यापूर्वी मुद्दाम भराभर श्वास घेऊ नका. प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की तगमग उशिरा होते, आणि ती होण्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते. यात चांगले पोहणारेही गेले आहेत.

दूरदेशी

कामानिमित्त बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये अडीच वर्षं काढली, तिथलं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. शहर ३,६०० मीटरवर आणि त्याच्या डोक्यावर एल आल्तो, ४,१०० च्या आसपास. आमच्याबरोबर काम करणारे बहुतेक जण आयमारा, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यात आणि लडाख-तिबेटच्या लोकांत एक फरक मला पहिल्यांदा चेहऱ्यावर दिसला. आयमारा सहकाऱ्यांचे गाल, ओठ गडद, जांभळट झाक असलेले.

एल आल्तोत राहणारे एक सहकारी, पन्नाशीचे. सतत डोकं दुखायचं, कानात आवाज यायचा, झोप नाही, डोळे लालबुंद. एकदा रक्त तपासायला गेले तेव्हा मी सोबत होतो. सुईतून नळीत येणारं रक्त मी आधी कधी इतकं काळपट आणि दाट पाहिलं नव्हतं, मधाच्या धारेसारखं हळू उतरत होतं. हिमोग्लोबिन २३ निघालं. डॉक्टरांनी काही रक्त काढून टाकलं आणि खाली, युंगासच्या दरीत जाऊन राहायला सांगितलं. दीड महिन्याने भेटले तेव्हा माणूस ओळखू येईना, ओठांचा रंगच बदलला होता.

जन्म तिथला, आजे-पणजे तिथले, तरी हा त्रास! तेव्हा 'पहाडी माणसाला उंची बाधत नाही' हे सरसकट खरं नाही.

जिज्ञासू

@दूरदेशी, हा प्रतिसाद महत्त्वाचा आहे, कारण धाग्याचं उत्तर इथूनच सुटतं. तुमच्या सहकाऱ्याला जे झालं त्याला मोंगे यांचा आजार म्हणतात. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे मेद्रानो यांनी १९२५ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. पुरुषांत हिमोग्लोबिन २१ च्या आणि स्त्रियांत १९ च्या पुढे गेलं की हे निदान मनात येतं.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी जवळपास सारख्या उंचीवरच्या तिबेटी आणि आयमारा लोकांची तुलना केली, १९९७-९८ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. शांत बसलेला तिबेटी माणूस आयमारा माणसापेक्षा मिनिटाला सुमारे दीडपट हवा आत-बाहेर करतो. प्राणवायू कमी केला की श्वास वाढवण्याचा त्याचा प्रतिसादही आयमारांच्या जवळजवळ दुप्पट. हिमोग्लोबिन मात्र उलट. तिबेटी पुरुषांचं सरासरी १५.६, म्हणजे खालच्या माणसासारखंच, आणि आयमारा पुरुषांचं १९.२.

म्हणजे एकाने श्वास वाढवला, दुसऱ्याने रक्त. 'उंचीवर राहणाऱ्यांचा श्वास' असा एकच श्वास नाहीच. @पायवाट, आबी-लेंचं नातं तिबेटी पठाराशी, म्हणून त्यांच्या श्वासाचा हिशेब पहिल्या प्रकारचा.

तिसरा प्रकार इथिओपियातला. सिमेन पर्वतातल्या ३,५०० मीटरवरच्या अम्हारा लोकांचं हिमोग्लोबिनही खालच्यासारखं आणि रक्तातला प्राणवायूही ९५ टक्क्यांच्या आसपास! तिघांनी एकाच अडचणीतून तीन वाटा काढल्या.

टेकडीवाला

आकडे मान्य. पण हे जनुकांमुळेच, कशावरून? तिबेटी माणूसही लहानपणापासून तिथेच असतो ना. सवयीचा मुद्दा खोडला गेलेला नाही.

जिज्ञासू

@टेकडीवाला, रास्त प्रश्न. यावर ल्हासात झालेलं एक काम आहे, १९९३ चं. ३,६५८ मीटरवरच्या या शहरात तिबेटी लोक राहतात आणि खालून येऊन स्थायिक झालेले हान चिनीही. हान लोकांचा प्राणवायू-प्रतिसाद वर्षं सरतील तसा बोथट होत गेलेला दिसला. तिबेट्यांचा टिकून होता. गाव एक, हवा एक, आणि तिबेटी तर जन्मभर तिथलेच, तरी फळ वेगळं.

म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सवय बदल घडवते, पण तुम्हाला वाटतं त्याच्या उलट दिशेने. उंचीवर दीर्घकाळ राहून खालच्या माणसाची मानेतली टोचणी तल्लख होत जात नाही, मंदावते.

टेकडीवाला

हे माहीत नव्हतं. 'वर्षभर ठेवा' हे माझं विधान मागे घेतो.

भूलवाला

@जिज्ञासू यांच्या मुद्द्याला जोड. पेरूचे विकृतिशास्त्रज्ञ हाविएर आरियास-स्तेया यांनी १९६९ मध्ये दाखवलं की अँडीजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांची कॅरॉटिड बॉडी आकाराने मोठी झालेली असते. मोठी, पण कामात मंद. वर्षानुवर्षं एकच इशारा देत राहिलेल्या पहारेकऱ्यासारखी.

आणि हे फक्त डोंगरावर होतं असंही नाही. हृदयात जन्मजात दोष असलेली, ओठ-नखं निळी पडलेली मुलं आमच्याकडे शस्त्रक्रियेला येतात. समुद्रसपाटीवर राहूनही त्यांचं रक्त जन्मापासून उंचीवरच असतं म्हणा ना. त्यांचाही प्रतिसाद असाच बोथट असतो. शस्त्रक्रिया होऊन रक्तात पुरेसा प्राणवायू आला की काही काळाने तो परत येतो, हे १९७० च्या दशकातच दिसून आलं. अशा एका सात वर्षांच्या मुलीला भूल देताना मी तिच्या गुलाबी होत जाणाऱ्या नखांकडे बघत राहिलो होतो, ते अजून आठवतं.

चांदणचुरा

आता माझ्या आवडीचा भाग. तिबेटी लोकांच्या बाबतीत २०१० मध्ये एकापाठोपाठ एक शोध आले. ईपीएएस१ नावाच्या जनुकाचं एक विशिष्ट रूप त्यांच्यात भरपूर आढळतं आणि शेजारच्या हान लोकांत अगदी तुरळक. पेशींना प्राणवायूची चणचण कळवणाऱ्या प्रथिनांपैकी एक याच जनुकातून बनतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. तिबेटी रूपामुळे रक्त उगाच दाट होत नाही.

आणि २०१४ मध्ये कळलं की हे रूप आधुनिक मानवात घडलेलंच नाही, ते डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या मानवांकडून आलेलं आहे! सायबेरियातल्या गुहेत ज्यांच्या बोटाचं हाड सापडलं तेच. पुढे २०१९ मध्ये तिबेटी पठाराच्या कडेला शियाहे इथल्या गुहेतला, ३,२८० मीटरवर सापडलेला जबडा त्यांचाच असल्याचं जाहीर झालं. निदान १,६०,००० वर्षं जुना. आबी-लेंच्या रक्तात कुणाचं देणं वाहतंय बघा. मला हे वाचून भरून आलं होतं.

रातराणी

अंगावर काटा आला.

जिज्ञासू

@चांदणचुरा, सुरेख. श्वासाच्या इतिहासात आपल्याकडच्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सुखमय लाहिरी. १९६०-६१ मध्ये एडमंड हिलरींच्या मोहिमेत अमा दब्लमजवळच्या हिमनदीवर ५,८०० मीटरला एक चंदेरी झोपडी उभारली होती, 'सिल्व्हर हट' म्हणतात ती. शास्त्रज्ञ त्यात अख्खा हिवाळा राहिले, एकमेकांचे श्वास मोजत. लाहिरी त्यांतले एक. पुढे १९८१ च्या एव्हरेस्टवरच्या अमेरिकी वैद्यकीय मोहिमेतही ते होते, आणि तिथे त्यांनी नेमका @पायवाट यांचा प्रश्न मोजला, झोपेतला श्वास. बाहेरच्या गिर्यारोहकांचा श्वास थांबत-चालत राहायचा, शेर्पांचा बहुतांशी सलग.

लाहिरी आणि मिलेज यांना सुरुवातीच्या काळात शेर्पांचा प्राणवायू-प्रतिसाद मंद आढळला होता. १९८० मध्ये हॅकेट आणि सहकाऱ्यांनी जास्त शेर्पा तपासले, तेव्हा तो मंद नव्हता. थोडक्या माणसांवरून केलेला निष्कर्ष पुढे असा बदलतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण 'शेर्पांचा प्रतिसाद मंद' हे वाक्य अजूनही बऱ्याच ठिकाणी जसंच्या तसं छापलेलं दिसतं.

कातळ

थोडं अवांतर. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून जातात, ते काय करतात? पक्षीनिरीक्षणाला जातो तेव्हा हिवाळ्यात पाणवठ्यावर त्यांचा थवा बघून हाच प्रश्न पडतो.

भूलवाला

अवांतर मुळीच नाही. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या नोंदींत ते ७,२०० मीटरच्या वर गेलेले आढळले आहेत. ते श्वास तर वाढवतातच, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन गेला तरी त्यांचा लगाम आपल्याइतका खेचला जात नाही. शिवाय त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं.

माणसांतली कमाल १९८१ ची. एव्हरेस्टच्या माथ्यावर ख्रिस पिझ्झो यांनी स्वतःच्या फुप्फुसातल्या हवेचे नमुने गोळा केले. खाली कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो, त्यांचा ७.५ निघाला. एवढा प्रचंड श्वास घेतला म्हणून फुप्फुसात प्राणवायूला जागा झाली आणि माणूस जिवंत राहिला.

झुळूक

@जिज्ञासू, एक अडलंय. तिबेटी माणूस दीडपट श्वास घेतो, मग त्याच्या रक्तात प्राणवायू आयमारा माणसापेक्षा जास्त असणार ना?

जिज्ञासू

मलाही असंच वाटलं होतं. पण मोजल्यावर उलटं निघालं. रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी आयमारांचीच सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त. तिबेट्यांनी तूट भरून काढली ती रक्ताच्या प्रवाहातून. २००७ मध्ये ४,२०० मीटरवर मोजलं तेव्हा त्यांच्या हातातला रक्तप्रवाह समुद्रसपाटीवरच्या लोकांच्या दुपटीहून जास्त होता. रक्तवाहिन्या रुंद ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारे पदार्थ त्यांच्या रक्तात दहापटीहून अधिक. पातळ रक्त, रुंद वाटा, भरपूर श्वास. श्वास एकटा काही करत नाही.

सांजवारा

स्त्रियांबद्दल कुणी लिहिलंच नाही. आबी-ले स्त्री आहेत म्हणूनही काही फरक पडतो का?

भूलवाला

चुकलंच, लिहायला हवं होतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला चालना देतं. गरोदरपणात ते वाढतं आणि आईचा श्वासही वाढतो. कोलोरॅडोतल्या ३,१०० मीटरवरच्या लेडव्हिल गावात लोर्ना मूर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात प्राणवायू जास्त टिकला त्यांची बाळं वजनाने भरलेली होती. मोंगे यांचा आजारही पाळी चालू असलेल्या स्त्रियांत कमी, पाळी गेल्यावर वाढतो. आबी-लेंच्या वयाला मात्र हे संरक्षण नसतं.

रातराणी

मी आईला पुढच्या उन्हाळ्यात लेहला न्यायचं ठरवतेय, वय ६८. हे सगळं वाचून धास्तावले. तिचा श्वास रात्री असा थांबला तर?

भूलवाला

@रातराणी, नुसत्या थांबत-चालणाऱ्या श्वासाला घाबरू नका, निरोगी माणसालाही तो होतो. घाबरायचं ते वेगळ्या लक्षणांना: बसल्या जागी धाप, खोकला, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं. यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. विमानाने थेट लेहला उतरणार असाल तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती.

झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळा, दोन्ही श्वासाची टोचणी मंद करतात. अ‍ॅसिटाझोलामाइड मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर बाहेर टाकायला लावतं, म्हणजे लगाम लवकर सैल होतो आणि रात्रीचे खंड कमी होतात. पण ते आईंच्या डॉक्टरांना विचारूनच, बाकी औषधं आणि अ‍ॅलर्जी बघून. घेतल्यास बोटांना मुंग्या येतील आणि सोडा मिळमिळीत लागेल, ते ठरलेलंच.

टेकडीवाला

माझा अनुभव यात भर म्हणून. आमच्या गटात सगळ्यांत तंदुरुस्त, मॅरेथॉन धावणारा मुलगा ४,२०० मीटरवर आडवा झाला आणि मागून सावकाश येणाऱ्या काकू वरपर्यंत पोचल्या. तेव्हा आम्ही त्याला नशीब म्हणालो.

भूलवाला

नशीब नव्हे. हा प्रतिसाद खालच्या माणसांतही एकापासून दुसऱ्यात कितीतरी पटींनी वेगळा असतो आणि व्यायामाने तो वाढतोच असं नाही. शिवाय तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो, तेही आहेच.

पायवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. आता माझ्याकडची भर.

धाग्यावरची चर्चा मी आबी-लेंच्या नातीला फोनवर सांगितली. ती पाच वर्षं शिक्षणासाठी खाली होती, हिंदी छान बोलते. तिने सांगितलेलं ऐकून चकित झालो. शिक्षण संपवून घरी परतली तेव्हा पहिले तीन दिवस तिलाही धाप लागली, डोकं ठणकलं. आबी-लेंनी तिला दोन दिवस अंथरुणातून उठू दिलं नाही, म्हणाल्या, "अजून तू खालचीच आहेस." @टेकडीवाला, तुमचा सवयीचा मुद्दा पूर्ण मागे घेऊ नका.

भूलवाला

आबी-लेंनी केलं ते अगदी योग्य. उंचीवरचे रहिवासी काही काळ खाली राहून परत वर गेले की त्यांच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका असतो, विशेषतः मुलांत आणि तरुणांत. हे अँडीजमध्ये फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. जनुकं सोबत येतात, पण रुळणं पुन्हा करावं लागतं.

पायवाट (धागाकर्ता)

आणखी एक. तिला विनंती केली होती की आबी-लेंना विचारून त्यांचा झोपेतला श्वास फोनवर ध्वनिमुद्रित करशील का. आबी-ले आधी खूप हसल्या म्हणे, मग हो म्हणाल्या. काल रात्री चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण आलं. आम्ही दोघांनी दिवा मालवून ते अख्खं ऐकलं. बाहेर वारा, मध्येच कुत्र्याचं भुंकणं, आणि तो श्वास. चाळीस मिनिटांत एकदाही थांबला नाही. बायको अर्ध्यातच झोपून गेली.

भूलवाला

मिनिटाला किती मोजलेत?

पायवाट (धागाकर्ता)

चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजले. १९, १९, १८, १९.